धुऱ्यावरची फेरी

गावात गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला बसता ना, तसे बसा. मांडी घालता येत असेल तर मांडी, गुडघे अजून कुरकुरत असतील तर खुर्ची. पाठ सरळ असू द्या, ताठ नको. हात मांडीवर मोकळे. डोळे मिटायची घाई नाही. समोर ताट वाढलेलं आहे, आधी ते बघायचं आहे.

हे मनन पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसासाठी आहे. तुम्ही चंद्रपूरच्या कॉलनीत राहत असाल, वडसा-आरमोरीकडच्या एखाद्या गावात, किंवा गडचिरोलीत. नागपूरला गेलात, जठर लहान करून आलात. त्याला आता दोन वर्षं झाली. वजन उतरलं. जुने शर्ट पुतण्याला देऊन टाकले. आणि गेल्या दोन महिन्यांत काटा पुन्हा दोन किलोंनी वर सरकला आहे, हे घरात अजून कुणाला बोलला नाहीत. इथेही बोलायला नको. नुसते बसा.

एक श्वास घ्या. सोडा. अजून एक.

उजवा तळवा बरगड्या जिथे मिळतात त्याच्या जरा खाली ठेवा. आत जठर आहे. स्लीव्हचं ऑपरेशन असेल तर त्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग आता तुमच्या अंगात नाही. उरली आहे ती केळ्यासारखी अरुंद नळी. बायपास असेल तर वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी केली आहे आणि आतडं थेट तिला जोडलं आहे. हाताखाली जे आहे ते लहान आहे, आणि ते रोज तुमचं ऐकून घेतं. आज आपण त्याचं ऐकायचं आहे.

जठराच्या वरच्या भागात भूक जागवणारं एक संप्रेरक तयार होतं, घ्रेलिन. जपानी संशोधकांनी ते १९९९ मध्ये शोधून काढलं. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग कापून काढतात. म्हणून पहिलं वर्ष कसं गेलं ते आठवा. जेवायची वेळ झाली हे घड्याळ सांगायचं, पोट नाही. आयुष्यात पहिल्यांदाच भूक गप्प होती. वरोरा-भद्रावतीकडचा शेतकरी अशा दिवसांना वाफसा म्हणेल. पाऊस थांबलाय, माती ना चिखल ना ढेकूळ, आत्ता पेरलं तर उगवेल. वाफसा कुणासाठी थांबत नाही. त्या दिवसांत काय पेरलं गेलं आणि काय राहून गेलं, हे मनाशी एकदा पाहून घ्या. राहून गेलेल्याचा हिशेब मांडू नका. शेतात दुसरा हंगाम येतो.

आता मनानं धानाच्या शेतावर चला.

झाडीपट्टीत धानाच्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि तिच्याभोवतीच्या मातीच्या बांधाला धुरा. रोवणा, म्हणजे लावणी, झाली की बांधीत पाणी उभं राहावं लागतं. ते पाणी धुरा धरून ठेवतो. पण धुरा घातला म्हणून कुणी घरी जाऊन झोपत नाही. सकाळी खांद्यावर फावडं टाकून माणूस धुऱ्यावरून एक फेरी मारतो. धुरा फुटला असेल तर त्याला फेरीची गरज नसते, पाण्याचा आवाज लांबूनच येतो. तो शोधत असतो खेकड्याचं बीळ. बोटभर छिद्र, गवताच्या आड. त्यातून रात्रभर पाणी खालच्या बांधीत उतरतं. सकाळी बघावं तर धुरा जसाच्या तसा उभा आणि बांधी कोरडी.

तुमचं ऑपरेशन हा धुरा आहे. सर्जननं तो नीट घातला आहे. वजन परत येतं ते बहुतेक वेळा धुरा फुटून येत नाही. लग्नातल्या एका पंगतीनं येत नाही, कारण एवढ्याशा पोटात पंगत मावतच नाही. ते बिळातून येतं. तुम्ही फेरीला निघा. सोबत मी आहेच.

पहिला कोपरा: भूक.

ताटाला हात लावण्याआधी विचारा, भूक कुठे आहे? तळव्याखाली पोकळ, थोडं ओढल्यासारखं वाटतं का? की ती डोळ्यांत आहे? की ड्युटीवरून आल्यावर पंख्याखाली बसलात म्हणून आहे? सेकंड शिफ्ट करून रात्री अकरा-साडेअकराला घरी येणारा माणूस दमलेला असतो, आणि थकव्याला भूक समजण्याची त्याला वीस वर्षांची सवय असते. उत्तर काहीही येऊ द्या. भूक डोळ्यांत निघाली तरी जेवणाची वेळ असेल तर जेवायचंच आहे. जेवण चुकवलं की संध्याकाळी बिळं पडतात. फक्त भूक कुठून आली ते तिला विचारून ठेवा.

थांबा. एक श्वास.

दुसरा कोपरा: ताटातला क्रम.

आपल्याकडे ताट म्हणजे भात. आधी भाताचा ढीग, त्याला मधोमध आळं, आळ्यात वरण, मग बाकी सगळं कडेकडेनं. तुमच्या ताटात हा क्रम उलटा करायचा आहे. शरीराला दिवसाकाठी निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात, नाहीतर उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि स्नायू गेला की बसल्या-बसल्या जळणारी ऊर्जा घटते. एका अंड्यात ६ ग्रॅम. वाटीभर घट्ट डाळीत ६-७. शंभर ग्रॅम मासळीत १८-२०. वाटीभर भातात तीनेक. जागा एवढीशी असताना आधी कुणाला बसवायचं ते या आकड्यांवरून कळतं.

सुदैवानं आपल्या भागाला हे बाहेरून आणावं लागत नाही. मामा तलावातली मासळी आहे. तुरीचं घट्ट वरण आहे, बरबटीची उसळ आहे, कोंबडी आहे, घरचं दही आहे. पावसाळ्यात जंगलातून टेकोडे, म्हणजे अळंबी, येतात, बांबूचे कोवळे वास्ते येतात. ते भाजीच्या जागी. आधी मासळी किंवा डाळ, मग भाजी, आणि शेवटी जागा उरली तर भात. भात शेवटी आला म्हणून त्याचा मान कमी होत नाही. पाहुण्यांना जेवू घालून मग घरधनी बसतो, तसा तो बसेल.

आता घास घ्या. लहान. बोटांच्या टोकांनी उचलता येईल एवढा. तोंडात ठेवा आणि हात ताटातून काढून मांडीवर ठेवा. सगळं अवघड इथेच आहे. तोंडातला घास संपायच्या आत हात पुढचा घास कालवायला लागतो. हाताला कुणी शिकवलेलं नाही, तो आपोआप जातो. त्याला मांडीवर बसवा. चावा. दहा. मासळीचा काटा जीभ कशी शोधते ते बघा. पंधरा. आता चव बदलली. वीस. आता घास घास राहिला नाही, पेजेसारखा झाला. आता गिळा. तुमच्या जठरात पूर्वीसारखी घुसळायला जागा नाही. तिथे व्हायचं काम आता दातांना करायचं आहे.

ताटाच्या शेवटी दोन घास भात असेल तर तो एकदा नीट बघा. कदाचित एचएमटी असेल. तो तांदूळ चंद्रपूर जिल्ह्यातलाच. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या धानात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा पेरल्या. कित्येक हंगामांनी त्यातून बारीक, चवदार वाण उभं राहिलं आणि त्या काळातल्या लोकप्रिय घड्याळाचं नाव त्याला पडलं. ते शिकलेले होते जेमतेम, शेत होतं एवढंसं. त्यांच्याजवळ होती ती नजर. शेतभर सारखंच दिसणाऱ्या धानात तीन लोंब्या निराळ्या आहेत, हे बघत चालणाऱ्यालाच दिसतं. तुमच्या दिवसभरात असे तीनच क्षण निराळे असतील. तेवढे दिसले तरी पुरे.

तिसरा कोपरा: थांबणं.

पूर्वी पोट भरल्याची खूण म्हणजे ढेकर. आता ती उशिराची खूण आहे. त्याच्या आधी बारीक खुणा येतात. कुणाला एकच उचकी लागते. कुणाच्या नाकातून पाणी येतं. कुणाचा नकळत उसासा सुटतो. कुणाला छातीच्या हाडामागे बोट टेकवल्यासारखा दाब जाणवतो. तुमची खूण कोणती ते तुम्हाला ठाऊक आहे. ती आली की पुढचा एक घास हा उद्याच्या त्रासाचा घास असतो. घाईत गिळलेला चिकट भात अडकला, तोंडात फेसाळ लाळ आली आणि मोरीकडे धावावं लागलं, असा दिवस आठवा. शिक्षा म्हणून नको, ओळख म्हणून आठवा. (हे रोजचंच झालं असेल, काही पोटात ठरत नसेल, तर मनन ठेवा बाजूला आणि डॉक्टरांना फोन करा.)

वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. मग ताट सरकवा.

चौथा कोपरा: तहान.

तांब्या ताटाजवळ ठेवायची सवय मोडायची आहे. घासाबरोबर पाणी प्यायलं की अन्न पुढे वाहून जातं, पोट लवकर रिकामं होतं आणि तासाभरात हात पुन्हा डब्याकडे जातो. म्हणून जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. हे पुण्या-मुंबईत सांगणं सोपं आहे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, कूलरही गरम वारा फेकतो, आणि तांब्याभर पाणी घटाघटा पिणं हेच आपलं सुख असतं. तुमच्या पोटाला आता घटाघटा चालत नाही. दिवसाला दीड-दोन लिटर तर जायला हवं, तेही घोट-घोट. तेव्हा पाणी उन्हाळ्याचं काम समजा. सकाळी उठल्यापासून बाटली हाताशी. दर काही मिनिटांनी एक घोट, तोंडात क्षणभर धरून. माठाचं पाणी, पातळ ताक, मीठ घातलेलं लिंबूपाणी. पन्हं असेल तर गुळासाखरेशिवाय.

आत्ता एक घोट मनातल्या मनात घ्या. जिभेवर थंडावा. घशातून खाली. तळव्याखाली पोचला. बस.

आता धुऱ्याची ती बाजू, जिथे गवत वाढलं आहे. पाचवा कोपरा.

इथे सावकाश चला. डोकं खाली घालून बघा. दुपारी चारचा चहा, साखरेचा, दोन बिस्किटं बुडवून. पोरानं ताटात टाकलेली अर्धी पोळी. टीव्हीसमोरची मूठभर शेव. भाजी चिरता-चिरता दोन फुटाणे. चिवडा. कुरकुरीत किंवा तोंडात विरघळणारं जे असतं ते या लहान जठरात अडकत नाही, सरळ घसरत जातं. एक अंडं खाऊन पोट भरतं आणि दोन वाट्या चिवडा खाऊन भरत नाही, हा त्या शस्त्रक्रियेचा चकवा आहे. तिथे पोट तुमच्या मदतीला येणार नाही. यातलं कशालाच तुम्ही जेवण म्हटलं नसतं. "मी तर काहीच खात नाही" असं तुम्ही डॉक्टरांना सांगितलं ते खोटं नव्हतं. तुम्हाला खरंच ते खाल्ल्यासारखं वाटलं नव्हतं. बीळ असंच असतं.

गोडाचं बीळ वेगळं. मोहफुलांचा लाडू घ्या. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून जास्त साखर असते. बायपास झालेल्याच्या आतड्यात ती साखर एकदम उतरली की अर्ध्या तासाच्या आत छाती धडधडते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टर त्याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हवाल्यांना हा त्रास कमी होतो, म्हणून सावध करणारा हा पहारेकरी त्यांच्याकडे कमी ओरडतो. मोह वेचणाऱ्या बाया पहाटे झाडाखाली एकेक फूल उचलून टोपलीत टाकतात, तसा एखादा तुकडा सणाला चघळायचा असेल तर जेवणाच्या शेवटी, एकच, आणि बसून.

आणि हात. अन्न सुटलं की हाताला चाळा लागतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तो चाळा कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे: पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा. भूक मारायला खर्रा बरा, असं मनाशी झालं असेल तर आज ते फक्त कबूल करा. दारूचंही तसंच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. पण तुमच्या पोटाचा कायदा वेगळा आहे. ऑपरेशननंतर दारू रक्तात फार लवकर चढते, आणि पूर्वी अन्नाकडे जाणारी ओढ बाटलीकडे वळायला वेळ लागत नाही.

श्वास घ्या. जड झालं असेल तर दोन घ्या.

आता संध्याकाळ होऊ द्या. धान घरी आलं आहे, थंडी पडली आहे, गावात मंडईची जत्रा भरली आहे. रात्री झाडीपट्टीचं नाटक आहे, वडशाची मंडळी येणार आहे. घराघरात पाहुणे उतरलेत. चुलीवर मटण शिजतंय. तुम्ही मावशीकडे पंगतीत बसला आहात. तुमच्या ताटात थोडंसं वाढलंय आणि मावशी पळी घेऊन समोर उभी आहे.

"येवढंसं? चिमणी पण जास्त खाते जी! आमच्या घरचं आवडलं नाही का?"

या पळीला घाबरू नका, आणि तिच्यावर रागावूही नका. तिच्या आईनं दुष्काळ पाहिला आहे. तिच्याकडे माया मोजायचं माप तेवढंच आहे. तिच्या डोळ्यांकडे बघा. ताटावर हात आडवा धरा आणि म्हणा, "मावशी, रस्सा फार छान झाला. दोन फोडी खाल्ल्या, पोट भरलं. आता तू बस, मी तुझ्याजवळ बसतो." तिला हवं होतं ते तुम्ही जवळ बसणं. ते तुम्ही दिलंत. रात्री नाटक पहाटेपर्यंत चालेल, कनातीबाहेर भज्यांचा घाणा चालू असेल, सगळे उठून जातील-येतील. तेव्हा खिशात भाजलेले चणे असू द्या, मोजून एक मूठ, आणि उठायचं ते पाय मोकळे करायला.

आता सगळ्यात अवघड कोपरा. तिथे तुम्ही एकटे जाता. वजनाचा काटा.

ज्या गावात अंगणवाडीताई पोरांना झोळीत घालून त्यांचं वजन वाढावं म्हणून काट्याला टांगते, त्याच गावात आपलं वजन वाढलं म्हणून काट्याकडे बघायची लाज वाटते. पैसे घालून, पोट कापून घेऊन, पुन्हा तिथेच? ही लाज क्षणभर समोर बसवा. तिच्याशी भांडू नका. तिला एवढंच सांगा. स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा शस्त्रक्रिया झालेल्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं, दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर येऊन ठरली. म्हणजे थोडं पाणी सगळ्यांच्याच बांधीतून उतरतं. शरीर ते मागतंच. ते तुमच्या चारित्र्याचं प्रमाणपत्र नाही. आणि बरंचसं पाणी राहतं, हेही तेच आकडे सांगतात.

राहतं याची उदाहरणं जवळही आहेत. खवय्ये म्हणून ओळखले जाणारे नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली. २०२२ मध्ये उज्जैनच्या जाहीर कार्यक्रमात त्यांनी स्वतःच सांगितलं, वजन १३५ किलो होतं, आता ९३ आहे. आणि गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' लिहिलं. दुखणं वेगळं होतं, पण इतरांच्या तब्येतीची काळजी वाहणाऱ्या डॉक्टरालाही स्वतःचं जेवण आणि जगणं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं, हे त्यांनी लपवलं नाही. तुम्हीही घरात एका माणसाला सांगा. दोन किलो वाढले, एवढंच वाक्य. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, सकाळी काट्यावर उभं राहा, आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. लिहिलेला आकडा बिळासारखा लपत नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्याही त्याच कॅलेंडरखाली ठेवा. त्या जन्मभराच्या आहेत.

फेरी संपत आली. पुन्हा ताटाकडे या.

ताटात दोन घास उरले आहेत. उसासा येऊन गेला आहे. आणि मन म्हणतंय, एवढ्यासाठी काय टाकायचं? धान पिकवणाऱ्या घरात ताटात भात टाकणं म्हणजे पाप. शेतात वाकून रोवणा करणाऱ्या आईनं शित अन् शित वेचायला शिकवलंय. हे मन खरं बोलतंय, त्याला गप्प करू नका. पण पोटही खरं बोलतंय. दोघांचं भांडण ताटात मिटत नाही, वाढण्यात मिटतं. उद्या दोन घास कमी वाढून घ्या. आणि आजचे दोन घास?

उठा. एक लहान वाटी घ्या. ते दोन घास तिच्यात काढा, वर ताटली झाका. ते संध्याकाळी तुम्ही खाल, किंवा कोंबड्यांना टाकाल, किंवा सकाळी फोडणीला जातील. अन्न वाया गेलं नाही, आणि पोटात कोंबलंही गेलं नाही.

झाकलेल्या ताटलीवर हात क्षणभर राहू द्या. वाटी कोमट लागतेय.

आज एक बीळ दिसलं असेल तर तेवढंच बुजवा. चारचा चहा बिनसाखरेचा, किंवा ताट संपेपर्यंत टीव्ही बंद. ओल्या मातीचा एक गोळा, टाचेनं दाबून. बाकीची उद्या. सकाळ झाली की फावडं पुन्हा खांद्यावर घ्यायचंच आहे.